रफाराची जागा

"ती पिशवी खाली ठिव, वैजू. तुझं चुकलंय."

सासरे अंगणात उभे होते आणि माझ्याकडे नाही, माझ्या डोक्यावरच्या भिंतीकडे बघत होते. सकाळचे सव्वासात झाले होते. मी धुतलेली साडी नेसून, वेणी घालून, पिशवी खांद्याला अडकवून ओसरीच्या पायरीवर उभी होते. फाट्यावर आठची एसटी यायची होती आणि मला ती गाठायची होती.

"काय चुकलं, आबा?"

त्यांनी हातातलं पत्रक उलगडलं. तालुक्याहून आलेलं छापील पत्रक ते महिनाभर खिशात घालून हिंडत होते, त्यामुळे ते घडीवर फाटायला आलं होतं. त्यावर बोट ठेवून त्यांनी एकदा कागदाकडे बघितलं, एकदा भिंतीकडे.

"ह्यात टोपी दच्या डोक्यावर हाय. तू शच्या डोक्यावर घातलीयास."

भिंतीवर मी आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत मान मोडून निळ्या ऑइल पेंटनं लिहिलं होतं, 'आदर्श एकत्र कुटुंब. एक चूल, बावीस माणसं.' आणि पत्रकाच्या मथळ्यावर छापलं होतं, 'आर्दश एकत्र कुटुंब स्पर्धा.'

"आबा, पत्रक चुकलंय. रफार शवरच असतो."

"सरकारी कागूद चुकतोय आन तू बरूबर व्हय?" ते हसून म्हणाले. आबा रागानं कधी बोलायचे नाहीत. आयुष्यात त्यांनी मला वाकडा शब्द ऐकवला नाही, की कुणावर हात उगारला नाही. त्यांच्या हसण्यावर मात्र उत्तर नसायचं. "तपासनीचं पथक दहाला येनार. त्यांचा कागूद येक बोलतोय आन आपली भित येक. शोभतं का ते? टोपी हलीव, पथकाला च्यापानी कर आन दीडच्या गाडीनं जा. पाचच्या आत पोचशील की."

माझे वडील विट्याचे हणमंत पेंटर. दुकानांच्या पाट्या, लग्नाचे गणपती, ट्रकच्या मागचे शेर, सगळं त्यांच्या हातचं. रफार चुकला की ते ब्रशच्या दांड्यानं बोटावर टोला द्यायचे. "र आधी बोलतेस आणि बसवतेस पुढच्याच्या डोक्यावर. आद-र्श. ऐकू येतंय का?" मला ते ऐकू यायचं. पण कुरणवाडीच्या फडतऱ्यांच्या घरात मला काय ऐकू येतं याचा प्रश्न नव्हता. मी नवऱ्याकडे बघितलं. अंकुश गोठ्याच्या दारात बादली घेऊन उभे होते. त्यांनी बादलीकडे बघितलं.

मी पिशवी खाली ठेवली.

पिशवीत दोन साड्या, एक टॉवेल, साबण आणि एक पत्र होतं. एएनएमच्या, म्हणजे नर्सच्या, कोर्सला माझा नंबर लागला होता. अंकुशनी आबांना न विचारता तालुक्याला फॉर्म भरला होता, तेवढं धाडस त्यांनी त्या एका दिवशी केलं. पत्रात लिहिलं होतं की दिनांक १९ नोव्हेंबर, सायंकाळी पाच वाजेपर्यंत मूळ कागदपत्रांसह साताऱ्याला हजर राहावे, अन्यथा प्रवेश रद्द होऊन प्रतीक्षा यादीतील उमेदवारास दिला जाईल. पुढच्या वर्षी मी वयात बसत नव्हते. आणि आज १९ नोव्हेंबर होती.

नंबर लागल्याचं कळलं तेव्हा आबांनी घरभर साखर वाटली होती. "ब्येस झालं. जा की. फकस्त पथक यिऊन जाऊ दे." पथक बारा तारखेला येणार होतं. मग निरोप आला, पंधराला. मग आला, एकोणीसला. प्रत्येक वेळी आबा म्हणायचे, "आता एवढं थांबलीस, चार दिसानं काय हुतंय." आणि खरंच, चार-चार दिवसांनी काही होत नव्हतं. फक्त ते संपत होते.

त्या महिन्यात आदर्श हा शब्द आमच्या घरात पाहुण्यासारखा आला आणि ठाण मांडून बसला. चहा बरा झाला की आबा म्हणायचे, आदर्श च्या झालाय. म्हशीनं पान्हा चोरला नाही की आदर्श म्हैस. थोरले दीर दाढी करून आले तर तेही आदर्श. मालनअक्का, माझी थोरली जाऊ, तोंडाची फटकळ, ती मला हळूच म्हणायची, "चला, आदर्श भांडी पडल्यात घासायची."

पण मालनअक्काचं हसणं पुढे पुढे आटलं. दोन वर्षांपूर्वी एका रुसव्यातून तिनं परड्यात आपली वेगळी चूल मांडली होती. पोरांना सकाळी काही करून घालायचं, आपल्या मनाचं कालवण करायचं, एवढंच. स्पर्धेच्या नियमात एक चूल असं होतं. आबांनी स्वतः कुदळ घेऊन ती चूल पाडली आणि जागा शेणानं सारवून घेतली. मालनअक्का पदर तोंडाला लावून बघत उभी होती. त्या दिवसापासून बावीस माणसांच्या भाकरी एका चुलीवर व्हायला लागल्या आणि ती माझ्याशीही बोलेनाशी झाली, कारण फाईल मी लिहीत होते.

होय, फाईल. माझं अक्षर चांगलं म्हणून ते काम माझ्याकडे. आबा ओसरीवर मांडी घालून सांगायचे आणि मी लिहायची. "लिव्ह. ह्या घरातून आजवर येकबी मानूस वेगळं निघालेलं न्हाई आन फुडंबी निघनार न्हाई." पुढेही निघणार नाही. माझ्याच हातानं, सुवाच्य, रफार-वेलांट्यांसकट. आणि घरात शिकलेल्या सुना आहेत याचा पुरावा म्हणून माझी बारावीची मूळ गुणपत्रिका फाईलला टाचली. पान सतरा. पानांवर नंबरही मीच घातले होते. निघताना ती मागून घेऊ, असं मी धरून चालले होते.

रॉकेलचा बोळा घेऊन मी स्टुलावर चढले. रंग रात्रभरात वरून सुकला होता, आतून ओला होता. पुसायला गेलं की निळा फराटा पसरायचा. तो पुसायचा, वरून चुन्याचा हात द्यायचा, चुना सुकू द्यायचा आणि मग दच्या डोक्यावर नवा रफार काढायचा. पाऊण तासाचं काम. स्टुलाचा एक पाय आखूड होता, म्हणून सासूबाईंनी येऊन तो धरला.

सासूबाईंचं नाव ठकुबाई, आम्ही सगळ्या आत्या म्हणायचो. त्या कमी बोलायच्या. पुरुष माणसं ओसरीवर असली तर अजिबातच नाही. आबांनी काही विचारलं तर मान हलवायच्या आणि चाळीस वर्षांत ती मान आडवी हललेली कुणी बघितली नव्हती. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलेलं नव्हतं. आबा पंचायतीकडे निघून गेल्यावर त्यांनी वर बघितलं.

"काय पुसतीयास?"

"रफार."

"म्हंजी काय?"

"र असतो तो, आत्या. अर्धा. त्याला वळीत जागा नसते. आधी बोलायचा, पण बसायला पुढच्याच्या डोक्यावर."

"आन दुसऱ्याच्या डोक्यावर बसला तर?"

"शब्द चुकतो."

"मग लोकास्नी वाचाय येत न्हाई?"

"येतो की. सगळे आदर्शच वाचतात. कुणाच्या ध्यानातसुद्धा येत नाही."

"मग चुकलं कुटं?"

याचं उत्तर माझ्या वडिलांनी शिकवलं नव्हतं. मी बोळा घासत राहिले.

"आन आदर्श म्हंजी?" त्यांनी विचारलं. "म्हैनाभर आयकतीया. ह्यांस्नी इचारायचं म्हंजी..." पुढचं त्यांनी सोडून दिलं.

"ज्याच्याकडं बघून दुसऱ्यांनी तसं वागावं, ते."

"म्हंजी बगायची वस्तू."

"तसंच काही नाही..."

"बगायचीच की. वापरायची न्हवं." त्यांनी स्टूल दोन्ही हातांनी नीट धरलं. "माज्याकडं बगून कुनी माज्यावानी वागावं, असं मला न्हाई बाई वाटत."

तेवढ्यात फाट्याकडून एसटीचा हॉर्न आला. आमच्या घरापासून फाटा दिसत नाही, पण ऐकू सगळं येतं. गाडी थांबली, दार आपटलं, घंटी दोनदा वाजली, गाडी निघाली. माझा हात भिंतीवर होता तिथेच राहिला. आत्या माझ्याकडे बघत होत्या की गाडीच्या आवाजाकडे कान लावून होत्या, मला वरून कळलं नाही.

"दीडला हाय की दुसरी," त्या म्हणाल्या.

दहाला पथक आलं नाही. अकराला आलं नाही. पोरांना नवे कपडे घालून ओळीनं बसवलं होतं, ती एकमेकांना चिमटे काढून कंटाळली. आबांनी सगळ्यांची परत एकदा उजळणी घेतली.

"घरात भांडनं हुत्यात का?"

"न्हाई," सगळे म्हणाले.

"सुनांमधी बोलनं हाय का?"

"हाय," मालनअक्का आणि मी म्हणालो. एकमेकींकडे न बघता.

साडेबाराला मी धीर केला. आबा ओसरीवर फाईल मांडीवर घेऊन बसले होते.

"आबा, दीडच्या गाडीनं मला जायला पाहिजे. ती गुणपत्रिका तेवढी काढून द्या."

"कशी काढू? पान सतरा हाय ते." त्यांनी खरोखर काळजीनं फाईल उघडून दाखवली. "सोळाच्या म्होरं येकदम अठरा आलं तर साहेब काय म्हनतील? मदलं खाल्लं म्हनतील."

"मी नंबर बदलून देते."

"आन बावीस मानसं लिवल्यात भितीवर. मोजली आन येकवीस भरली तर?" ते परत हसले. "वैजू, आगं, आपल्या घराची आब्रू हाय ही. चार भाऊ येका ताटात जेवत्यात असं घर पंचक्रोशीत ऱ्हायलं न्हाई. माज्या डोळ्यादेखत समदी घरं फुटली. तू शानी हायस. तुला मी काय सांगू."

त्यांचे डोळे भरून आले होते. ते खोटं नव्हतं, हीच तर अडचण होती. खोटं असतं तर मी भांडले असते. त्या माणसानं मला कधी उपाशी ठेवलं नाही, हुंड्यावरून सुनावलं नाही, मूल होईना म्हणून टोचलं नाही. अशा माणसासमोर मला रडायचीसुद्धा सोय नव्हती.

मी परड्यात गेले. अंकुश कडब्याशी काहीतरी करत होते.

"तुम्ही एकदा बोला त्यांच्याशी."

"आबा म्हणतायत तर..." ते म्हणाले. "आज एकदा पथक यिऊन जाऊ दे. मी उद्या येतो साताऱ्याला, हातापाया पडू."

"उद्या तिथं दुसरी बसलेली असेल."

त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मला त्यांची कीव आली आणि त्या किवेचा रागही आला. जिथे मालनअक्काची चूल होती तिथे मी उभी होते. सारवलेलं अजून नवं दिसत होतं.

दीडची गाडी वेळेवर आली. वेळेवर गेली. मी माजघरात पोह्यांवर घालायला कोथिंबीर चिरत होते. कोथिंबीर चिरून झाली तरी विळीवर हात चालूच राहिला. शेवटी आत्यांनी विळी आडवी केली आणि पाटीतली कोथिंबीर उचलून नेली. मग त्यांनी कोपऱ्यात पडलेली माझी पिशवी उचलली, झटकली आणि ओसरीच्या दाराशी, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायात येईल अशी नेऊन ठेवली. मला वाटलं, केर काढायचा असेल.

सव्वादोनला जीप आली.

पथक म्हणजे तिघं जण होते. दोन साहेब आणि एक खर्शीकर मॅडम. विस्तार अधिकारी, पन्नाशीच्या, चष्मा गळ्यात लोंबता. आबांनी हार घातले. मॅडमनी हार काढून हातात धरला, भिंतीकडे बघितलं आणि थांबल्या.

"हे कुणी लिहिलं?"

"आमच्या धाकल्या सूनबाईनं," आबा म्हणाले. छाती फुगली होती.

"अक्षर फार सुंदर आहे." मॅडम माझ्याकडे वळल्या. "पण शब्द चुकलाय हो. रफार शवर हवा. आदर्श."

आबांचा हात खिशातल्या पत्रकाकडे गेला. त्यांनी ते काढलं, उलगडलं. मॅडमनी ते घेतलं, चष्मा लावला आणि कपाळाला हात लावला.

"आमच्याच कागदात घोळ आहे. तपासायला कुणी नव्हतं वाटतं." त्या मला म्हणाल्या, "तुम्ही पत्रक बघून लिहिलंत ना?"

आबा माझ्याकडे बघत होते. हसत नव्हते. त्यांना तसं मी पहिल्यांदाच बघत होते.

"हो," मी म्हणाले.

"न्हाई."

आवाज दारातून आला. एवढा अनोळखी, की आधी मला वाटलं शेजारची कुणी आली. आत्या उंबऱ्यावर उभ्या होत्या. पदर कपाळापर्यंत ओढलेला.

"तिनं बरूबर लिवलं व्हतं. सकाळच्याला पुसून चुकीचं लिवाय लावलं. मी सोता इस्टूल धरलं हुतं."

थोरल्या दिरांनी घसा खाकरला. मॅडमना बहुधा यजमानांची पंचाईत सावरायची होती. त्या हसल्या आणि दोन पावलं पुढे आल्या.

"आजी, तुम्हाला वाचता येतं?"

"न्हाई."

"मग आदर्श म्हणजे काय, माहीत आहे?"

"ही म्हनली, दुसऱ्यानं बगून तसं वागायचं, ते."

"अगदी बरोबर. आणि गंमत सांगू का, मुळात संस्कृतमध्ये आदर्श म्हणजे आरसा."

"आरसा व्हय?" आत्यांनी मान वर केली. पदर थोडा मागे सरकला. "मग त्यात बगनाऱ्याचंच त्वांड दिसत आसंल."

मॅडमचं हसू जागच्या जागी राहिलं. बरोबरच्या साहेबांनी वहीत काहीतरी लिहायला सुरुवात केली. आणि मग आत्या उंबरा ओलांडून ओसरीवर आल्या, बरोबर माझ्या पिशवीजवळ, जी त्यांनीच तिथे ठेवली होती.

"म्याडम, ही पिशवी बगा. ही माजी सून आज साताऱ्याला चाललीया, नर्सचं शिकाय. पाचच्या आत पोचायचंय, न्हाईतर नंबर जातुया. तुमी येनार म्हनून थांबलीया बिचारी. दोन गाड्या सोडल्या. आमच्या घरातनं शिकाय चाललेली ही पैली बाई." इथे त्या आबांकडे वळल्या. चाळीस वर्षांत चार माणसांत त्यांनी नवऱ्याला कधी काही विचारलं नव्हतं. "ह्यांस्नी लय हौस तिला शिकवायची. नंबर लागला तवा घरभर साकर वाटली. व्हय न्हवं?"

आबांनी तोंड उघडलं. सगळे त्यांच्याकडे बघत होते. मॅडम, साहेब, बावीस माणसं, शेजारच्या कुडावरून डोकावणारी चार डोकी.

"व्हय," ते म्हणाले. मग पुन्हा, जरा मोठ्यानं, "व्हय की. साकर वाटली."

"अहो, मग हे फाईलमध्ये का नाही लिहिलं?" मॅडम म्हणाल्या. "याला तर खरं आदर्श म्हणतात."

"आन तिचा कागूद तुमच्या फायलीत हाय," आत्या म्हणाल्या. "तेवडा द्या. त्याबिगर तिला घ्यायची न्हाईत. आन जीप साताऱ्याला जातीया न्हवं तुमची?"

जीप साताऱ्यालाच जाणार होती. अहवाल त्याच दिवशी द्यायचा होता. मॅडमनी पान सतरा स्वतः काढलं आणि माझ्या हातात दिलं. पोहे खाऊन होईपर्यंत पंधरा मिनिटं गेली. कुणाच्या घशाखाली ते नीट उतरले असतील असं मला वाटत नाही. अंकुशनी पिशवी उचलून जीपमध्ये ठेवली आणि मागे न बघता गोठ्याकडे गेले. मालनअक्कानं महिन्यात पहिल्यांदा मला हात लावला, दंडाला, जोरात. मी आबांच्या पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, कारण सगळे बघत होते. आत्यांच्या पाया पडायला वाकले तर त्या म्हणाल्या, "उशीर करू नगं." एवढंच.

पावणेपाचला मी सहीच्या रांगेत उभी होते. माझ्या हातांना रॉकेलचा वास येत होता आणि मी रडत होते. पुढची मुलगी म्हणाली, घरची आठवण येतेय का. मी म्हणाले, हो. काय सांगणार होते तिला.

फडतऱ्यांच्या घराला तालुक्यात दुसरं बक्षीस मिळालं. प्रमाणपत्रावर लिहून आलं, 'सुनेच्या शिक्षणास प्रोत्साहन दिल्याबद्दल विशेष उल्लेख.' आबांनी ते चौकटीत घालून ओसरीवर लावलं. येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगायचे, "सुनंला म्या शिकिवली. लोक नगं म्हनत हुते." पुढे ते त्यांना स्वतःलाच खरं वाटायला लागलं असावं. मला त्यांनी नंतर कधीच अडवलं नाही. दोन वर्षांनी नोकरी लागली, मला क्वार्टर मिळाली, अंकुश तिथे आले, त्यालाही नाही म्हणाले नाहीत.

पहिल्या दिवाळीला घरी गेले तेव्हा मला एक गोष्ट दिसली. आम्ही सगळे चहाला बसलो होतो. आत्या आबांच्या हाताच्या अंतरावर होत्या. आबा म्हणाले, "मालन, तुज्या सासूला म्हनावं, माजा च्या थंड झालाय." मालनअक्का उठली, आत्यांना म्हणाली, "आत्या, च्या थंड झालाय म्हनत्यात." आत्यांनी कप उचलला आणि गरम करून आणला. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. सवय झालेली दिसत होती.

रात्रीची भांडी घासताना मी मालनअक्काला विचारलं. ती राख लावत म्हणाली, "जीप गेली त्या घटकेपास्नं. येक सबूद न्हाई. आन भांडान बी न्हाई बघ, आदर्श हाय समदं."

नऊ वर्षं. आबा गेले तोपर्यंत. मी दर सुट्टीला जायची, दर वेळी वाटायचं या वेळी काही बदललं असेल. मी एकदा आबांपुढे बसून म्हणाले, "आबा, चूक माझी होती, आत्यांशी बोला." ते हसले. नेहमीसारखेच हसले. "तुजी कसली चूक, वैजू. तू तर घराचं नाव काडलंस." आणि आत्यांना विचारलं तर त्या म्हणायच्या, "आदी तरी काय बोलत हुते? काम सांगत हुते. आता मालनच्या तोंडानं सांगत्यात."

मी त्यांना अनेकदा म्हणाले, क्वार्टरवर चला, माझ्याकडे राहा. त्या हो-हो म्हणायच्या आणि राहायच्या तिथेच.

आबा गेले त्या वर्षी दिवाळीआधी मी चार दिवसांची रजा काढून गेले. भिंती पोतारायचं काम चाललं होतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की पुढच्या भिंतीला दर वर्षी चुन्याचा हात दिलेला होता, पण माझी अक्षरं जशीच्या तशी होती. चुना अक्षरांच्या कडेकडेनं, बोट फिरवल्यासारखा नेलेला होता. आर्दश एकत्र कुटुंब. घरातल्या पोरी म्हणाल्या, ती भिंत आजी आम्हाला पोतारू देत नाही, स्वतः करते.

मी येताना वडिलांचा बारीक ब्रश आणि निळ्या रंगाचा छोटा डबा आणला होता. नऊ वर्षांची ती खुपणारी गोष्ट मला एकदाची निस्तरायची होती. तेच स्टूल काढलं. पाय आखूडच होता. आत्या आल्या आणि न सांगता खाली बसून त्यांनी तो धरला. सत्तरी उलटली होती, हात कापत होते.

"आज बसवते त्याला जागेवर," मी म्हणाले.

"कशाला?"

"चूक आहे ती, आत्या. जो येईल तो बघतो."

"ऱ्हाऊ दे."

मी ब्रश बुडवला होता. रंगाचा थेंब टोकाशी आला होता.

"चुकलं हुतं म्हनून ती बाई थांबली," आत्या खालून म्हणाल्या. "बरूबर असतं तर वाचून तशीच आत गेली असती. आन तू हितंच असतीस."

मी ब्रश डब्याच्या काठावर निरपला.

"आणि तुम्ही, आत्या?"

"मी?" त्यांनी वर बघितलं. स्टूल सोडलं नव्हतं. "मी हाय की हितंच."